केळीला शास्त्रज्ञ आहे, केळी कापणाऱ्याला नाही

वैद्यकीय महाविद्यालयांत शरीरक्रियाशास्त्र (फिजिऑलॉजी), म्हणजे शरीर कसे चालते याचे शास्त्र, कोणी शिकवावे, हा वाद गेली काही वर्षे चालू आहे आणि दरवर्षी अधिक कोता होत चालला आहे. एका बाजूला एम.बी.बी.एस. करून त्याच विषयात एम.डी. झालेले डॉक्टर, दुसऱ्या बाजूला एम.एस्सी., पीएच.डी. केलेले वैज्ञानिक. जुन्या वैद्यक परिषदेच्या काळात या दुसऱ्या गटाला शरीररचना आणि शरीरक्रिया विभागांत ३० टक्क्यांपर्यंत जागा घेता येत, जीवरसायनशास्त्रात ५० टक्क्यांपर्यंत. २०२० नंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने या तिन्ही विभागांतले प्रमाण १५ टक्क्यांवर आणले, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्रात तर दारच बंद केले. २०२५च्या नियमांनी त्या दोन विभागांचे दार पुन्हा उघडले. नियम बदलला की निवेदने निघतात, कोर्टकचेऱ्या होतात, आणि त्याच त्या दोन वाक्यांची देवाणघेवाण होते: ‘रुग्णाला हात न लावलेला माणूस डॉक्टर काय घडवणार?’ आणि ‘यांना दुसरीकडे सीट मिळाली नाही म्हणून हे आमच्या विषयात आले.’ दोन्ही वाक्ये जिव्हारी लागावीत म्हणूनच म्हटलेली असतात, आणि दोन्हींचा मूळ प्रश्नाशी संबंध नाही.

मूळ प्रश्न माझ्या मते असा आहे. शरीरक्रियाशास्त्र शिकलेल्या माणसाला राज्य सरकारने पगार द्यायचा तो फक्त भावी डॉक्टरांच्या पहिल्या वर्षाला शिकवण्यासाठी, हे दोन्ही बाजूंनी न बोलता मान्य करून टाकले आहे. भांडण उरले आहे ते त्या एका वर्गातल्या किती खुर्च्या कोणाच्या, एवढ्यापुरतेच. राबणारे, तापणारे, उपाशी राहणारे, आजारी पडणारे जिवंत शरीर कसे चालते, हे मोजण्याची खरी गरज वर्गाबाहेर आहे. खान्देशात ती जितकी उघडी पडते तितकी पुण्या-मुंबईत पडत नाही. आणि तिथे, म्हणजे शेतात, कारखान्यात, आदिवासी पाड्यावर, या कामासाठी राज्याने नेमलेला माणूस शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही.

डॉक्टरांच्या बाजूचा सर्वांत जोरकस मुद्दा आधीच मान्य करतो. एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्याला हृदयाचे कार्य शिकताना हृदय बंद पडायला आलेला माणूस कसा दिसतो हे कळायला हवे. २०१९पासूनच्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी रुग्णाशी ओळख करून देण्यावर भर आहे, आणि त्यासाठी वॉर्डात वावरलेला शिक्षक लागतो. एम.एस्सी. झालेला माणूस कितीही हुशार असला तरी हा अनुभव पुस्तकातून आणू शकत नाही. तेव्हा बहुसंख्य जागा डॉक्टरांकडे राहाव्यात, याला माझा विरोध नाही. प्रमाण १५ असावे की ३०, यावर मी फार वेळ घालवणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या नव्या सरकारी महाविद्यालयांत शिक्षकांची टंचाई आहे तोवर पात्र माणसाला दारात अडवणे शहाणपणाचे नाही, इतके म्हटले की पुरे. जळगावचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०१८चे, नंदुरबारचे त्याच्याही नंतरचे. पण समजा उद्या ३० टक्के झाले, तरी खान्देशच्या तीन जिल्ह्यांत मिळून किती पदे वाढतील? एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आता जळगाव जिल्ह्याच्या केळीपट्ट्यात, रावेर, यावल, चोपड्याकडे या. केळीसाठी हवामानावर आधारित पीक विमा आहे. थंडीत किमान तापमान सलग काही दिवस ठरलेल्या अंशाखाली राहिले, किंवा उन्हाळ्यात कमाल तापमान सलग काही दिवस ठरलेल्या अंशावर गेले, की शेतकऱ्याला भरपाई देय होते. निकषांवरून दरवेळी भांडणे होतात, महसूल मंडळनिहाय हवामान केंद्रांच्या नोंदींवर शंका घेतल्या जातात, हे सगळे खरे. पण तत्त्व पाहा. केळीच्या झाडाला किती थंडी, किती ऊन, किती दिवस सोसते, हे राज्याने कागदावर लिहून त्याला पैशाची किंमत लावली आहे. हे ज्ञान आभाळातून पडले नाही. कृषी विद्यापीठांत वनस्पती शरीरक्रियाशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, त्याची स्वतंत्र पदे आहेत, भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञ भरतीत त्याची स्वतंत्र शाखा आहे, आणि जळगावात केळी संशोधन केंद्र आहे. झाडासाठी माणूस नेमला म्हणून झाडाची सहनमर्यादा आपल्याला ठाऊक झाली. त्याच बागेत घड कापणाऱ्या माणसाच्या शरीराला किती ऊन, किती वेळ सोसते, याचा आकडा कोणत्या सरकारी कागदावर आहे? कारखान्याच्या छपराखालच्या हवेबद्दल थोडेफार नियम आहेत. शेतमजुरासाठी तेवढेही नाहीत.

‘पण हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा इशारा देतेच की,’ असे कोणी म्हणेल. देते. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांच्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त, किंवा थेट ४५ अंश, हा त्यांचा निकष. भुसावळकराला मे महिन्यात ४५ अंशांची बातमी सांगून कोणी दचकवू शकत नाही. मात्र हा निकष हवेचा आहे, माणसाचा नाही, आणि तो मोजणारा तापमापक मोकळ्या जागी, झडपांच्या पांढऱ्या पेटीत टांगलेला असतो. कापणीची टोळी तिथे उभी नसते. ती बागेत असते. ठिबकमुळे जमीन ओली, वर पानांचे छत, चारी बाजूंनी खोडांची दाटी, वारा शिरायला फट नाही. रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटते, आत काय गारवा असेल! एक जण विळ्याने घड उतरवतो, दुसरा खांद्यावर गोणपाटाची घडी टाकून तो झेलतो आणि बांधापर्यंत नेतो. चिकाने सदऱ्याला काळे, न निघणारे डाग पडलेले असतात, आणि तो सदरा पाठीला चिकटलेला असतो, कारण घाम येतो पण सुकत नाही. घाम नुसता आल्याने शरीर थंड होत नाही, तो सुकला तरच होते. सावली असूनही त्या माणसाच्या शरीराला उष्णता बाहेर टाकणे जड जात असेल, हे शरीरक्रियाशास्त्राची पहिल्या वर्षाची पुस्तके वाचलेला कोणीही सांगेल. किती जड जाते हे मात्र मोजल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

मोजण्याची पद्धत जुनी आहे. जे. एस. हाल्डेन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कॉर्नवॉलच्या खाणींतल्या उष्म्याचा अभ्यास केला आणि १९०५मध्ये दाखवून दिले की स्थिर हवेत, ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या तापमापकावर साधारण ३१ अंशांच्या पुढे माणसाच्या शरीराचे तापमान चढू लागते. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी, २०२२मध्ये, अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगात तरुण, धडधाकट माणसांची मर्यादा दमट हवेत जवळपास तिथेच सापडली. त्याआधी काही वर्षे सगळीकडे ३५ अंशांचा सैद्धांतिक आकडा बोलला जात होता. त्याच प्रयोगात असेही दिसले की कोरड्या, तप्त हवेत ही मर्यादा आणखी खाली येते, २५ ते २८ अंशांच्या आसपास. म्हणजे मुंबईसाठी काढलेला आकडा जळगावच्या मेला लागू नाही, जळगावच्या मेचा आकडा पावसाच्या तोंडावरच्या दमट जूनला लागू नाही, आणि उघड्या कपाशीच्या रानातला आकडा केळीच्या बागेला लागू नाही. हे काम दिल्लीत बसून होणारे नाही. त्याला तापी खोऱ्यात राहणारा, नाडी, घाम, वजन आणि शरीराचे तापमान शिस्तीत मोजणारा माणूस लागेल.

मोजमापाने काय फरक पडतो, याची दोन जुनी उदाहरणे देतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने दारूगोळा कारखान्यांतल्या कामगारांच्या आरोग्यासाठी १९१५मध्ये समिती नेमली. एच. एम. व्हर्नन या ऑक्सफर्डच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कामाचे तास आणि प्रत्यक्ष उत्पादन यांच्या नोंदी ठेवल्या आणि दाखवले की तास कमी केले तरी उत्पादन घटत नाही, काही कामांत उलट वाढते. तोवर ‘तास कमी म्हणजे माल कमी’ हे मालकांचे ब्रह्मवाक्य होते, त्याला आकड्यांनी उत्तर मिळाले. भुसावळ आणि वरणगाव या दोन ठिकाणी संरक्षण उत्पादनाचे कारखाने असलेल्या जिल्ह्याला ही गोष्ट परकी वाटू नये. दुसरे उदाहरण कमी सुखद आहे. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत उष्माघाताने मजूर मरू लागले, तेव्हा नव्या मजुराला थेट खोल न उतरवता आधी काही दिवस तापवलेल्या खोलीत हळूहळू काम वाढवून उष्णतेची सवय लावण्याची पद्धत तिथल्या शास्त्रज्ञांनी बसवली. हेतू माणुसकीचा नव्हता, सोन्याचा होता, आणि ते मजूर वंशभेदी राजवटीखाली भरडले जात होते. पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली: उष्णतेची सवय लागायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, आणि सर्वांत मोठा धोका पहिल्या काही दिवसांत असतो. सातपुड्यातून उतरून थेट एप्रिलच्या कडाक्यात कामाला जुंपलेल्या मजुराला पहिल्या आठवड्यात निम्मे काम द्यावे, हा नियम करायला एवढा पुरावा पुरेसा नाही का? मग तो आपल्याकडे का नाही? कारण तो सुचवणे हे कोणाचेच काम नाही.

मे २०२४मध्ये अकोल्यात प्रशासनाने उन्हामुळे जमावबंदीचे १४४ कलम लावले, खासगी शिकवण्यांच्या वेळा बदलल्या, मालकांना पाणी आणि पंख्यांची सोय करायला सांगितले. मी त्या आदेशाची चेष्टा करणार नाही. जिल्हाधिकाऱ्याच्या हातात जे होते ते त्याने वापरले. पण एरवी दंगलीच्या भीतीने लावले जाणारे कलम उन्हासाठी वापरावे लागते, यावरून सल्ला द्यायला बाजूला कोणी नाही हे कळते. दुपारी किती ते किती काम बंद ठेवायचे, कोणत्या कामाला, पाणी किती आणि मीठ किती, विश्रांती तासाला किती मिनिटे? हे प्रश्न महसूल खात्याच्या अनुभवातून सुटणारे नाहीत.

आता दुसरा मोठा आक्षेप. ‘पदे आहेत. तुमची मुलेच अर्ज करत नाहीत.’ यात तथ्य आहे आणि ते आम्हा शिक्षकांना झोंबणारे आहे. संरक्षण संशोधन संस्थेची शरीरक्रियाशास्त्राला वाहिलेली, १९६२मध्ये स्थापन झालेली प्रयोगशाळा दिल्लीत आहे. सियाचिनसारख्या उंचीवर आणि थंडीत जवानांच्या शरीराचे काय होते, याचा अभ्यास तिथे चालतो. अहमदाबादला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे, आणि भुसावळहून नवजीवन एक्स्प्रेस सरळ तिथे जाते. मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक शरीरक्रियाशास्त्राचा विभाग आहे. बंगळुरूला हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिनची संस्था आहे, तिथेच पशुपोषण आणि शरीरक्रियाशास्त्राची कृषी परिषदेची संस्था आहे. क्रीडा प्राधिकरण शरीरक्रियातज्ज्ञ घेते, बहुतेकदा कंत्राटावर. सी.एस.आय.आर.च्या ‘नेट’ या पात्रता परीक्षेत वनस्पती आणि प्राणी, दोन्हींच्या शरीरक्रियाशास्त्राचे स्वतंत्र घटक आहेत. मी खान्देशातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. आमच्या मुलांना यातली एखाददुसरी संस्था ठाऊक असली तरी पुष्कळ. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा हुकली की बी.एस्सी., मग डी.एम.एल.टी., एम.आर. नाहीतर बी.एड., ही पायवाट त्यांना पाठ आहे.

पण ‘अर्ज करत नाहीत’ म्हणून हात झटकता येत नाहीत. बंगालकडे बघा. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात सुबोधचंद्र महलानोबिस यांनी १९००मध्ये शरीरक्रियाशास्त्राचा विभाग काढला आणि हा विषय वैद्यकाच्या कुंपणाबाहेर, पदार्थविज्ञान-रसायनशास्त्राच्या पंगतीला बसवला. तिथे आजही बी.एस्सी.ला तो मुख्य विषय म्हणून घेता येतो, आणि राज्याच्या नागरी सेवा परीक्षेतही तो वैकल्पिक विषय राहिला आहे. महाराष्ट्रात तो बहुतांशी एक तर एम.बी.बी.एस.चे पहिले वर्ष असतो, नाही तर प्राणिशास्त्राची एखादी प्रश्नपत्रिका. शिकायची सोय नाही म्हणून माणसे तयार होत नाहीत, माणसे नाहीत म्हणून पदे निघत नाहीत, आणि पदे नाहीत म्हणून विद्यापीठ विषय सुरू करत नाही. हे चक्र कुठे तरी तोडायचे तर पदांपासून तोडावे लागेल, कारण नोकरी दिसल्याशिवाय खान्देशातला बाप मुलीला ज्या विषयाचे नावही त्याने ऐकलेले नाही त्या विषयाला घालणार नाही. त्याला दोष तरी कसा द्यायचा?

तिसरा आक्षेप डॉक्टरांचाच, आणि तो पहिल्यापेक्षा विचार करायला लावणारा: ‘हे सगळे सामुदायिक आरोग्याचे काम आहे, त्यासाठी आमचे एम.डी. आहेत.’ साथरोग, लसीकरण, मातामृत्यू यांत त्यांचा हात धरणारे कोणी नाही. पण हवामानबदल आणि आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा जिल्ह्यातला नोडल अधिकारी बघा, तो आधीच इतर कार्यक्रमांच्या अहवालांत गळ्यापर्यंत बुडालेला असतो. शिवाय प्रश्न केवळ वेळेचा नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे उदाहरण घ्या. १ जुलै २०२३ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य आणि आजार संपवण्यासाठी २०४७ची मुदत. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवर तपासण्या होतात, रंगीत कार्डे दिली जातात. पुढे काय? प्राणवायू कमी पडला की या रुग्णाचे हिमोग्लोबिन घट्ट होऊन पेशी वाकड्या होतात, आणि शरीरातले पाणी घटले की हे आणखी लवकर होते. आता हाच तरुण ऊसतोडीला जातो. पहाटेपासून कोयता, डोक्यावर मोळी, पाणी मिळेल तेव्हा. त्याने किती श्रम करावेत, दर किती वेळाने किती पाणी प्यावे, कोणते काम टाळावे? ‘जड काम करू नका’ असे डॉक्टर सांगतात, आणि तो मान डोलावून मुकादमाच्या गाडीत बसतो, कारण हलके काम त्याला कोणी देऊ केलेले नाही. श्रम आणि शरीर यांची सांगड घालून ‘इतके झेपेल, याच्या पुढे नाही’ असा आकडा देणे हे रोगनिदानापेक्षा वेगळे शास्त्र आहे. त्याचे प्रशिक्षण वेगळे असते, आणि ते डॉक्टरला कमीपणा आणणारे नाही.

शेवटचा आक्षेप सामान्य माणसाचा, आणि मला तोच सर्वांत वजनदार वाटतो. ‘सरकारी शास्त्रज्ञ म्हणजे फुकटचा पगार. पद काढाल, केबिन द्याल, आणि तो दर महिन्याला शून्य अहवाल पाठवेल.’ असे होते, आणि सर्रास होते. म्हणून पद कुठे आहे यापेक्षा त्याचा आकडा कुठे वापरला जातो, हे आधी ठरवले पाहिजे. १९५७च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन ठरवताना प्रौढ माणसामागे दिवसाला २७०० उष्मांक धरले, ते आहारशास्त्रज्ञ वॉलेस ॲक्रॉइड यांच्या कामाच्या आधारे. ॲक्रॉइड एके काळी कुन्नूरच्या सरकारी प्रयोगशाळेचे संचालक होते. तीच पुढे हैदराबादला जाऊन राष्ट्रीय पोषण संस्था झाली. प्रयोगशाळेतला तो आकडा वेतनाच्या वाटाघाटींत आणि न्यायालयाच्या निकालांत शिरला, कामगार संघटनांनी तो तोंडपाठ केला. २०१९मध्ये केंद्राच्या एका समितीने २४०० सुचवले तेव्हा त्यावर वाद झाला. वाद झाला, कारण आकड्याला पैसे चिकटलेले होते. ज्याच्या मोजमापावर कोणाची तरी मजुरी किंवा भरपाई ठरते, त्या शास्त्रज्ञाला शून्य अहवाल पाठवून चालत नाही. दुसऱ्या दिवशी दारात मोर्चा येतो. ॲक्रॉइडचा आकडा मध्यम श्रमाच्या माणसाचा होता. घड वाहणाऱ्याचे श्रम मध्यम म्हणायचे का, हा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

तेव्हा मागणी मोठी नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची तांत्रिक भरती मुख्यतः अभियंत्यांची होते. तिच्या सेवाप्रवेश नियमांत श्रम-शरीरक्रियेच्या पदाची सोय करावी आणि अशी पहिली पदे उष्ण जिल्ह्यांत भरावीत. जिल्हा आरोग्य यंत्रणेत उष्णता आणि सिकलसेल या दोन कामांसाठी मिळून प्रत्येक जिल्ह्यात एक शास्त्रज्ञ असावा, कायमस्वरूपी, कारण प्रकल्पाबरोबर संपणारा माणूस तीन उन्हाळ्यांची तुलना करू शकत नाही. जाहिरातीत पात्रता लिहिताना प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्राबरोबर शरीरक्रियाशास्त्र हेही लिहावे, म्हणजे समकक्षतेच्या दाखल्यासाठी उमेदवाराला खेटे घालावे लागणार नाहीत. आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने पदव्युत्तर पातळीवर हा विषय जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या मदतीने सुरू करावा. डॉक्टर आणि वैज्ञानिक एकाच टेबलावर बसायला तयार आहेत का, याची परीक्षा तिथे आपोआप होईल.

केळी विम्याचे निकष बदलायची वेळ आली की आमचे आमदार पक्ष विसरून एकत्र येतात, कृषिमंत्र्यांकडे शिष्टमंडळ जाते, एकेका अंशावरून घासाघीस होते. पुढच्या वेळी त्याच शिष्टमंडळाने निवेदनात आणखी एक परिच्छेद घालावा: ज्या दिवशी विम्याच्या कमाल तापमानाच्या निकषाप्रमाणे झाडाला इजा झाली असे धरले जाईल, त्या दिवशी त्या मंडळातल्या कापणी मजुरांचे काम दुपारी बंद राहील आणि त्यांना त्या वेळेची मजुरी मिळेल. त्यावर मंत्रालयातून पहिला प्रश्न येईल, ‘माणसासाठी हाच अंश कशावरून?’ त्या प्रश्नाचे उत्तर आज राज्यात कोणाकडे नाही, आणि ते काढायला माणूस नेमावा लागेल.